सवाली, हकदार आणि उपद्रवी

उर्दूत 'सवाल' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वर्गात मुलगा हात वर करून काही विचारतो तो सवाल, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी कोणी हात पसरतो तोही सवालच. विचारणारा साइल आणि मागणाराही साइल. कुरआन शरीफच्या सूरह जुहामध्ये साइलला झिडकारण्याची मनाई आली आहे. तिथे अनेक मुफस्सिरांनी दोन्ही अर्थ घेतले आहेत. भाकरी मागणाऱ्याला हाकलू नये आणि इल्मची गोष्ट विचारणाऱ्यालाही हाकलू नये. मराठीने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द ठेवले. प्रश्न वेगळा, भीक वेगळी. पण आपल्या सरकारी कचेऱ्यांनी मात्र उर्दूचाच कित्ता गिरवला. खिडकीशी जाऊन कोणी काही विचारले की समोरच्याच्या चेहऱ्यावर दारात फकीर आल्याचा भाव उमटतो आणि 'उद्या या' हे उत्तर मिळते.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा देशभर लागू झाला आणि निदान कागदावर तरी हा भाव बदलला. महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ साली केला होता. अण्णा हजारे यांची उपोषणे त्यामागे होती. तिकडे राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांवरच्या मजुरीचा हिशेब गावासमोर मांडण्याची चळवळ उभी केली होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज द्यायचा, ३० दिवसांत उत्तर मिळवायचे. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते दहा रुपयेही माफ. सवाली एका कायद्याने हकदार झाला.

आता वीस वर्षे उलटल्यावर एक तिसरा शब्द कचेऱ्यांमध्ये रुळला आहे. तो म्हणजे उपद्रवी. 'हा माणूस नेहमीचाच आहे', 'याचा धंदाच हा आहे', 'याला माहिती नको, याला त्रास द्यायचा आहे'. हे बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते दर वेळी खोटे नसते. म्हणून एका प्रश्नाचा शांतपणे विचार करावासा वाटतो. केवळ त्रास देण्यासाठी केलेला अर्ज अशी काही चीज असते का? असेल, तर तो नाकारण्याचा हक्क कचेरीला असावा का? आणि हा अर्ज तसा आहे हे ठरवायचे कोणी?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या कायद्याचे कलम ७(१) सांगते की जन माहिती अधिकाऱ्याने एक तर माहिती द्यावी किंवा कलम ८ आणि ९ मधील कारणांपैकी एखादे कारण दाखवून अर्ज फेटाळावा. कलम ८ मध्ये देशाची सुरक्षा, न्यायालयाची मनाई, व्यापारी गुपिते, चालू तपास, खासगी माहिती अशी कारणे आहेत. कलम ९ स्वामित्वहक्काविषयी आहे. या यादीत 'अर्ज त्रासदायक आहे' हे कारण कुठेही नाही. कलम ६(२) तर याच्याही पुढे जाते. अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे विचारताच येत नाही. संपर्कासाठी लागेल तेवढाच त्याचा तपशील मागता येतो. कलम ७(९) मध्ये एक पळवाट आहे असे अनेक अधिकाऱ्यांना वाटते. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कचेरीची साधनसामग्री बेसुमार खर्ची पडत असेल, तर तसे करण्याचे बंधन नाही, असे ते कलम म्हणते. पण त्याचा अर्थ स्वरूप बदला एवढाच आहे. चार हजार पानांच्या झेरॉक्स काढून देणे अशक्य असेल तर माणसाला बसायला खुर्ची द्या आणि फायली पाहू द्या. पाहणी करणे हाही कायद्याने दिलेला अधिकारच आहे. माहितीच देऊ नका असे ते कलम कुठेही म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र तसे नाही. तिथला माहिती स्वातंत्र्याचा कायदा २००० साली झाला आणि १ जानेवारी २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मागणी 'व्हेक्सेशस' असेल, म्हणजे नाहक छळणारी असेल, तर सार्वजनिक संस्थेने उत्तर देण्याचे बंधन नाही. पण छळणारी म्हणजे कशी, याची व्याख्या कायद्याने दिली नाही. ती न्यायालयांना शोधावी लागली. डेव्हन परगण्याच्या कौन्सिलकडे एका गृहस्थाने एका पादचारी पुलाच्या वीजरोधक यंत्रणेचे कागद मागितले होते. मागणी वरवर पाहता अगदी साधी, किंबहुना लोकांच्या सुरक्षेचीच. पण त्या मागणीच्या मागे कौन्सिलशी झालेला मोठा, कडवट पत्रव्यवहार होता. हे प्रकरण वरिष्ठ न्यायाधिकरणापुढे गेले आणि २०१३ साली त्याने चार गोष्टी पाहायला सांगितल्या. संस्थेवर पडणारा भार, मागणाऱ्याचा हेतू, मागणीचे मोल किंवा तिचा गंभीर उद्देश, आणि कर्मचाऱ्यांना होणारा छळ. २०१५ साली अपील न्यायालयाने त्या गृहस्थाच्या विरुद्धच निकाल दिला, पण कसोटी मात्र कडक ठेवली. ही माहिती मागणाऱ्याच्या किंवा जनतेच्या उपयोगाची आहे असे समजण्यास काही वाजवी आधारच नसेल, तेव्हाच मुख्यतः तिला छळणारी म्हणावे. आणखी एक गोष्ट तिथे पक्की झाली, जी आपल्या कामाची आहे. हा शिक्का मागणीवर मारायचा, माणसावर नाही. आजचा अर्ज नाकारला म्हणून त्या माणसाचा उद्याचा अर्ज नाकारता येत नाही.

आपल्याकडेही असे कलम असावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळेच भ्रष्ट आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. अनुदानित शाळांत माहिती देण्याचा भार बहुधा मुख्याध्यापकांवर येतो. शाळेत लिपिक एक, तोही कधी असतो कधी नसतो. संच मान्यता, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे हे सगळे चालू असताना एक अर्ज येतो. 'शाळेच्या स्थापनेपासून आजतागायत सर्व नेमणुका, सर्व हजेरीपत्रके, सर्व व्हाउचर्स यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.' त्याचे उत्तर देईपर्यंत दुसरा येतो. मग कधी कधी संध्याकाळी निरोप येतो की अमुक जणांची अमुक जागी नेमणूक केलीत तर अर्ज मागे घेऊ. संस्थेतल्या दोन गटांचे भांडण असते आणि अर्जाच्या कागदाचा दगड होतो. एखाद्या शिक्षिकेच्या सेवापुस्तकाची, रजेच्या अर्जाची, वैद्यकीय दाखल्याची मागणी होते, तेव्हा त्यात लोकहित कोणते हे अर्जदारालाही सांगता येणार नाही. तिच्या आजाराचे नाव गावात फिरवायचे एवढाच त्याचा मतलब असतो. हे घडते. जो म्हणतो घडत नाही, त्याने शाळा चालवलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हे दुखणे ओळखले आहे. ९ ऑगस्ट २०११ च्या एका निकालात न्यायालयाने बजावले की पारदर्शकतेशी संबंध नसलेल्या सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांनी प्रशासन ठप्प होईल. ७५ टक्के कर्मचारी आपला ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवत आहेत, असे चित्र देशाला नको आहे. हा उतारा आज कितीतरी नकारपत्रांत छापील मजकुरासारखा वापरला जातो. पण तो निकाल कोणत्या खटल्यातला होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका विद्यार्थ्याने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागितली होती. मंडळाने ती नाकारली. परीक्षक आणि मंडळ यांच्यातले विश्वासाचे नाते, लाखो उत्तरपत्रिकांचा भार, परीक्षा पद्धतीच कोसळेल अशी भीती हे सारे युक्तिवाद झाले. न्यायालयाने ते मानले नाहीत. विद्यार्थ्याला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे असेच ठरवले. फक्त परीक्षकाची ओळख झाकून ठेवायला सांगितली. म्हणजे ज्या निकालातला इशारा दाखवून आज लोकांना परत पाठवतात, त्याच निकालाने एका मुलाच्या हातात त्याची उत्तरपत्रिका दिली. मंडळाच्या नजरेत तो मुलगाही उपद्रवीच होता. त्याला 'हो' म्हटले तर लाखो मुले येतील, ही भीती होती. कोसळले काहीच नाही. उत्तरपत्रिका आपण पाहिली जाणार आहे हे ठाऊक असलेला परीक्षक अधिक जपून तपासतो, हे आम्ही शिक्षक जाणतो.

यातून पहिला मुद्दा निघतो. भार मोठा आहे म्हणून मागणी उपद्रवी ठरत नाही. भार कोणी निर्माण केला हे आधी पाहावे लागते. याच कायद्याच्या कलम ४ ने प्रत्येक कार्यालयाला सांगितले होते की १२० दिवसांच्या आत १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा. अधिकारी कोण, त्यांची कर्तव्ये काय, निर्णय कसा होतो, अंदाजपत्रक किती, अनुदान कोणाला मिळाले, सवलतीचे लाभार्थी कोण. ही माहिती भिंतीवर असती, संकेतस्थळावर ताजी असती, तर निम्मे अर्ज जन्मालाच आले नसते. ज्याने वीस वर्षे घर आवरले नाही त्याने पाहुण्यावर पसाऱ्याचा ठपका ठेवावा, असा हा प्रकार आहे. तेव्हा कचेरीने 'आमच्यावर भार पडतो' म्हणताना त्या भारातून आपल्या आळसाचा हिस्सा आधी वजा करावा आणि जो उरेल तोच अर्जदाराच्या खात्यावर मांडावा.

दुसरा मुद्दा हेतूचा. इथे आपली परंपरा आपल्याला मदत करते असे मला वाटते. कर्मांची किंमत नियतीवर ठरते, ही हदीस लहानपणीच आपल्या कानावर पडते. सहीह बुखारीची सुरुवातच तिने होते. पण ती किंमत ठरवणारा कोण? अल्लाह. काझीने मात्र जाहिरवर, म्हणजे समोर दिसणाऱ्या गोष्टीवर निवाडा करायचा, पोटातले गुपित खुदावर सोडायचे, हा फिकहचा जुना आणि सर्वमान्य दंडक आहे. काझीला जे मना आहे ते तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाला कसे काय जायज होईल? आपल्या कायद्याचे कलम ६(२) हाच दंडक दुसऱ्या भाषेत सांगते.

यात शहाणपण आहे, कारण वाईट नियतीचा माणूसही खरा प्रश्न विचारू शकतो. समजा, बढती हुकलेल्या एका कर्मचाऱ्याने केवळ सूडापोटी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या पदवीची प्रत मागितली आणि ती पदवी बनावट निघाली. सूड वाईट होता म्हणून बनावट पदवी खरी होत नाही. उलट चांगल्या नियतीचा माणूसही निरर्थक मागणी करू शकतो. हेतूच्या दारावर पहारेकरी बसवला की पहिला बळी जातो तो गरीब, चिडलेल्या, आधीच हेलपाटे घालून थकलेल्या माणसाचा. त्याची भाषा कडवट असते. त्याच्या अर्जात शिवीवजा वाक्य असते. 'तुम्ही सगळे चोर आहात' असेही तो लिहितो. हसत हसत गैरव्यवहार करणाऱ्या कंत्राटदाराची भाषा मात्र नेहमी अदबशीर असते. भाषेवरून उपद्रव मोजायचा म्हटले तर अर्जदारांत गरीबच जास्त उपद्रवी निघतील.

इंग्लंडचाच आणखी एक दाखला पाहण्यासारखा आहे. हेदर ब्रुक या पत्रकार बाई खासदारांच्या भत्त्यांचा तपशील वर्षानुवर्षे मागत राहिल्या. संसदेच्या प्रशासनाने टाळले, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत आणि मग २००८ साली उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे बाईंच्या बाजूने निकाल लागला. २००९ साली तो तपशील वृत्तपत्रात फुटला आणि हाउस ऑफ कॉमन्सच्या सभापतींना राजीनामा द्यावा लागला, काही खासदार तुरुंगात गेले. पुन्हा पुन्हा तीच मागणी, चिकाटी, कार्यालयाला होणारा मनस्ताप, उपद्रवाची ही सगळी बाह्य लक्षणे त्या मागणीत होती. फरक एवढाच की उत्तर मिळत नव्हते म्हणून ती पुन्हा पुन्हा होत होती.

इथे तिसरा मुद्दा येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा विचारणे एक, आणि उत्तर मिळूनही पुन्हा विचारणे दुसरे. वर्गात आम्ही हे रोज पाहतो. एखादा मुलगा अपूर्णांकांची बेरीज तीन वेळा विचारतो, कारण त्याला ती समजलेली नसते. दुसरा तीन वेळा विचारतो, कारण तास संपायला दहा मिनिटे आहेत आणि त्याला चाचणी टाळायची आहे. पण यांपैकी कोण कोणता हे ओळखण्याचा एकच रास्ता आहे. आधी एकदा नीट, पूर्ण उत्तर द्यायचे. ज्याने पहिल्यांदाच धड शिकवले नाही, त्या शिक्षकाला तिसऱ्या वेळी विचारणाऱ्या मुलावर डोळे वटारण्याचा हक्क नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची एक रिवायत आपल्याकडे वाजांमधून नेहमी सांगितली जाते. बैतुलमालमधून प्रत्येकाला एकेक चादर वाटली गेली. खलिफा खुत्ब्याला उभे राहिले तर त्यांच्या अंगावरचा कुर्ता एका चादरीत होण्याजोगा नव्हता. भर जमातीत एकाने उठून म्हटले की आधी याचा खुलासा करा, मग आम्ही तुमचे ऐकू. खलिफांनी आपले पुत्र अब्दुल्लाह यांना बोलण्यास सांगितले. त्यांनी उठून खुलासा केला की माझ्या वाट्याची चादर मी वालिदांना दिली. त्यावर विचारणारा म्हणाला की आता बोला, आम्ही ऐकतो. ही गोष्ट आपण खलिफांच्या थोरवीसाठी सांगतो आणि तिथेच थांबतो. पण तिच्यात विचारणाऱ्याचीही थोरवी आहे. खलिफांनी त्याचा हेतू विचारला नाही, त्याला आधी वेळ घेऊन यायला सांगितले नाही, खुत्ब्यात व्यत्यय आणल्याबद्दल दटावले नाही. हिशेब मांडला आणि तोही साक्षीसह. आणि विचारणाऱ्याने काय केले? उत्तर मिळताच तो खाली बसला. त्याने असे म्हटले नाही की आता चादरीचा विणकर कोण ते सांगा, मागच्या वर्षीच्या चादरींचाही तपशील द्या. प्रश्न खरा होता याचा पुरावा त्याच्या थांबण्यात आहे. त्याला हेतू सिद्ध करावा लागला नाही, तो आपोआप दिसला.

म्हणून मला वाटते की एखादी मागणी नाकारण्याची मुभा द्यायचीच झाली तर ती इतकीच असावी. तीच माहिती त्याच माणसाला पूर्णपणे दिली गेली आहे, त्यानंतर काही बदललेले नाही आणि तरीही तो मागतो आहे. तेव्हा कचेरीने लेखी कळवावे की अमुक तारखेला दिली आहे, सोबत आधीच्या पत्राची प्रत जोडावी आणि विषय मिटवावा. यात नियतीचा न्याय करावा लागत नाही, जाहिर पुरे होते. सगळेच मागणाऱ्या अव्यवहार्य अर्जाला उत्तर म्हणून पाहणीची तारीख द्यावी. खरा गरजू येऊन बसेल आणि त्याला हवी ती दहा पाने निवडून घेईल. दगड मारायला आलेला बहुधा येणारच नाही. आणि कर्मचाऱ्याच्या आजाराची, घरच्या भांडणाची, मुलाबाळांची माहिती मागितली असेल तर ती नाकारावी, पण माणूस उपद्रवी आहे म्हणून नव्हे, तर ती माहिती त्या शिक्षिकेची अमानत आहे म्हणून. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसची, दुसऱ्याचे खासगी उकरण्याची मनाई आहे ती याचसाठी. महाराष्ट्रातल्याच एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सेवेतल्या नोटिसा, मालमत्तेची विवरणे यांसारखी माहिती खासगी ठरवली, मात्र व्यापक लोकहित असेल तर द्यावी असा दरवाजा उघडा ठेवला.

तो दरवाजा आता अरुंद होतो आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लागू झाला. पूर्वी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे हे खासगीपणावर नाहक आक्रमण आहे, हे पाहावे लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच म्हटले की पुरते. कलम ८(२) मधला लोकहिताचा आधार शिल्लक आहे, पण तो वापरायचा की नाही हे पुन्हा कचेरीच ठरवणार. लाभार्थ्यांची यादी हीदेखील नावांचीच यादी असते. शिष्यवृत्ती कोणाला मिळाली, घरकुल कोणाला मिळाले, रेशनचे धान्य कोणाच्या नावावर उचलले गेले, हे नाव घेतल्याशिवाय कसे तपासणार? ज्या कायद्यात उपद्रवाचे कलम नाही, त्यात मागच्या दाराने त्याहून मोठे कुलूप बसले आहे. महाराष्ट्रात २०१२ सालापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादाही आहेच. ज्याला लिहिता येत नाही, ज्याला दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागतो, त्याने आपला त्रास १५० शब्दांत आणि एका विषयात कसा बसवावा?

आता निवाडा कोणी करायचा, हा प्रश्न. ज्याला प्रश्न विचारला त्यानेच प्रश्न त्रासदायक आहे की नाही हे ठरवणे म्हणजे ज्याच्यावर दावा त्यालाच काझी करणे होय. आज प्रथम अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जाते आणि राज्य माहिती आयोगाकडचे द्वितीय अपील सुनावणीला यायला अनेकदा वर्ष उलटते. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण आयोगापुढे प्रकरणच उशिरा पोहोचले तर त्या दंडाची भीती कोणाला? अशा व्यवस्थेत कचेरीच्या हाती उपद्रवाचा शिक्का दिला तर तो प्रत्येक अवघड अर्जावर पडेल. इंग्लंडमध्ये नकाराविरुद्ध स्वतंत्र आयुक्त आणि त्यावर न्यायाधिकरण आहे, तरीही तिथे त्या कलमावर वाद होतात. आपल्याकडे आधी आयोग भरावेत, सुनावण्या वेळेत व्हाव्यात, मग नवे कलम मागावे.

आणि उपद्रव एकाच बाजूने होत नाही, हेही विसरता कामा नये. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांची माहिती काढत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अमित जेठवा यांना अहमदाबादेत उच्च न्यायालयासमोर गोळ्या घातल्या गेल्या. गीरच्या परिसरातील बेकायदा खाणकामाविरुद्ध ते लढत होते. एका बाजूला चार अर्जांनी वैतागलेला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला जिवाला मुकलेला अर्जदार. हे दोन्ही त्रास एका तराजूत घालता येत नाहीत.

आता थोडे आपल्या घरात पाहू. शासनाला प्रश्न विचारायची गरज आपल्या समाजाला इतरांपेक्षा जास्तच आहे. न्या. राजिंदर सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपण भाषणांत सतत वापरतो. त्या अहवालाची ताकद कशात होती? आकड्यांत. शाळा किती, नोकऱ्या किती, बँकेचे कर्ज किती, हे आकडे कोणीतरी कचेऱ्यांकडून मागवले तेव्हाच आपली स्थिती देशाला दिसली. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, तेव्हा आपल्या शाळांतल्या किती मुलांवर परिणाम झाला, हे विचारणारे अर्ज किती जणांनी केले? आपण तक्रार भरपूर करतो, पण अर्ज फार थोडे करतो.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. वक्फच्या जमिनीचे भाडे किती येते, दुकानाचा गाळा कोणाला कितीला दिला, हे जमातीतल्या एखाद्या तरुणाने विचारले की आपलीच वडील मंडळी त्याला काय म्हणतात? फसादी. वक्फ मंडळ हे कायद्याने स्थापन झालेले मंडळ आहे आणि १९९५ च्या कायद्याने मुतवल्लीला त्याच्याकडे हिशेब द्यावाच लागतो. म्हणजे तो तरुण नवे काही मागत नसतो. शिक्षणसंस्थेत अनुदान कसे खर्च झाले हे विचारणाऱ्या पालकाला आपण 'संस्थेची बदनामी करतो' म्हणून गप्प बसवतो. सरकारकडे जाताना आपण हकदार असतो, आणि आपल्याकडे कोणी आले की तो उपद्रवी असतो. मशिदीच्या मिंबरवरून चादरीची गोष्ट सांगायची आणि मशिदीच्या हिशेबाची वही कपाटात ठेवायची, हे दोन्ही एकदम कसे चालेल?

सूरह बकरामधली गायीची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. बनी इस्राईलला एक गाय कुर्बान करण्याचा हुकूम झाला. ते विचारत राहिले की ती कशी असावी, रंग कोणता, आणखी खुलासा हवा. दर उत्तरानंतर नवा सवाल. काम करायचे नव्हते म्हणून सवाल चालले होते. निरर्थक प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी ही हकीकत बऱ्याचदा ऐकवली जाते. पण ती नीट ध्यानात घेतली तर दिसते की तिथे सवाल करणारे तेच होते, ज्यांच्यावर फर्ज होते. आजच्या कचेरीत फर्ज कोणावर आहे? आणि 'विषय स्पष्ट करा', 'ओळखपत्र जोडा', 'माहिती कशासाठी हवी ते कळवा', 'कोणत्या कालावधीची', 'कोणत्या शाखेची' असे एकामागून एक सवाल कोण करतो? हिशेब द्यायचा नसला की मागणाऱ्यालाच प्रश्नांच्या फेऱ्यात घालायचे, ही तीच जुनी रीत आहे. सरकारी कचेरीत ती आहे, आपल्या संस्थांतही आहे.

थांबणे हे विचारणाऱ्याचे फर्ज आहे. ज्याचे उत्तर मिळाले त्याने थांबावे, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी उकरू नयेत, कागदाचा दगड करू नये. त्याचा हिशेब त्याला खुदापुढे द्यायचा आहे. पण उत्तर देणे हे कचेरीचे फर्ज आहे, आणि ते पहिले फर्ज आहे. तिचा हिशेब याच दुनियेत, ३० दिवसांच्या आत, लेखी द्यायचा आहे.